गणिताला जात नाही. गणिताच्या खुर्चीचं काय?

"गणितात कसली आली जात? दोन अधिक दोन चारच!" गणितात पीएच.डी. करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे वाक्य हमखास ऐकवलं जातं. मान्य! सिद्धता कोणी लिहिली हे सिद्धतेला ठाऊक नसतं. पण नोकरी देणाऱ्या समितीला उमेदवाराचं आडनाव नक्की ठाऊक असतं.

प्राध्यापकपदाच्या अर्जात दोन गोष्टी विचारतात: संशोधनाचा विषय आणि अध्यापनाचा अनुभव. पहिल्यासाठी बीजगणित किंवा संख्याशास्त्रात वर्षानुवर्षे डोकं घालायला फेलोशिप वेळेवर मिळावी लागते. दुसऱ्यासाठी आपला संशोधक तासिका तत्त्वावर राबतो; तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की चूल बंद. बाबासाहेब १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांची व्याख्यानं मन लावून ऐकत, पण सहकारी प्राध्यापकांना खटकलं ते त्यांनी सामायिक माठातलं पाणी पिणं! अध्यापनाचा अनुभव हा असाही असतो.

आता खरं गणित करू. अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण. १०० भागिले १५ म्हणजे ६.६६, म्हणून रोस्टरवर आपली पहिली जागा सातवी. अनुसूचित जमातींची चौदावी. २०१७ च्या अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाने विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक ठरवलं. समजा गणित विभागात पाचच पदं आहेत. मग आपला वाटा किती? शून्य! असे वीस विभाग, शंभर पदं, तरी शून्यच. टक्केवारी कागदावर १५ च राहिली. फक्त एकक बदललं आणि हक्क गायब! ५ मार्च २०१९ ला बहुजन समाज भारत बंद करून रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे अध्यादेश निघाला आणि पुढे कायदा झाला.

पण त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये पळवाट आहे. परिशिष्टातल्या 'उत्कृष्ट' संस्थांना आरक्षण लागू नाही. त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिच्या घटक संस्थाही आहेत. देशातलं उच्च गणित जिथे घडतं, नेमकी तीच दारं बंद! म्हणजे आरक्षण आणि उत्कृष्टता एकत्र नांदत नाहीत, हे गृहीतक संसदेने सिद्धतेशिवाय मान्य केलं. गणिताच्या परीक्षेत अशा उत्तराला भोपळा मिळतो.

उरली मुलाखत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीने पदव्या, शोधनिबंध, अनुभव यांचे गुण फक्त मुलाखतीला बोलावण्यापुरते ठेवले. विद्यापीठातली सहायक प्राध्यापकाची अंतिम निवड केवळ मुलाखतीवर. मोजता येणारी गुणवत्ता दाराबाहेर, न मोजता येणारी मर्जी आत. आणि शेवटी शेरा: 'योग्य उमेदवार आढळला नाही'.

मित्रांनो, गुणवत्तेची चर्चा टाळू नका, उलट आकडे मागा. माहिती अधिकारात अर्ज टाका: विभागात मंजूर पदं किती, रोस्टर कुठे, 'योग्य नाही' म्हणून किती जागा रिकाम्या ठेवल्या? आपल्याला अंगठा मागणाऱ्यांना आता हिशेब मागायचा आहे.

जय भीम!