बर्फाचा प्रश्न, काळ्या मातीचे उत्तर

मराठीच्या अधिव्याख्यात्यांनी मोटारींविषयी लिहावे याचे येथील वाचकांना आश्चर्य वाटेल. म्हणून निमित्त आधी सांगतो. आमचा एक माजी विद्यार्थी सध्या कॅनडातील मॉन्ट्रियल येथे राहतो. तिथल्या मराठी मंडळींच्या दिवाळी अंकासाठी त्याने एक लेख लिहिला आणि शुद्धलेखन तपासण्यासाठी आमच्याकडे पाठवला. लेखाचा विषय असा: हिवाळ्यात चालवायची स्पोर्ट्स कार रिअर-व्हील ड्राइव्ह असावी की ऑल-व्हील ड्राइव्ह? ऱ्हस्वदीर्घ तपासायला बसलेले आम्ही दोघे त्या प्रश्नातच गुंतलो. योगायोग असा, की त्याच आठवड्यात इकडे वर्ध्यात आमच्या वर्गातील दोन मुले हाच वाद हिरिरीने घालताना कानी पडली. प्रश्न एकच, शब्दही जवळपास तेच. पण जमीन निराळी. प्रश्न उसना आणता येतो, त्याची जमीन मात्र उसनी आणता येत नाही, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

प्रारंभ भाषेपासून करू, कारण तो आमचा प्रांत. मराठीत मोटारीला 'चारचाकी' म्हणतात. या शब्दात चाकांची मोजदाद आहे. त्यांतली कामाला लागलेली कोणती आणि नुसती फिरणारी कोणती, हे तो सांगत नाही. अँबॅसेडर आणि पद्मिनी या मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाड्या होत्या. १९८३ साली आलेली मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालू लागली. एवढा मोठा बदल मध्यमवर्गीय घरांच्या अंगणात झाला, पण भाषेने त्याची दखल घेतली नाही. बैलगाडीच्या बाबतीत असे नव्हते. आमच्याकडच्या बंडीच्या प्रत्येक अवयवाला नाव होते: जू, धुरा, आरे, आख. बंडीचे चाक केवळ फिरते, जोर बैलांच्या खुरांचा असतो, हे सांगण्यासाठी कोणाला तांत्रिक परिभाषा लागत नसे. आमच्या विद्यार्थ्याच्या लेखात त्यामुळे दर ओळीत दोन इंग्रजी शब्द देवनागरीत उतरले होते. आम्ही ते तसेच राहू दिले. रूढ झालेल्या शब्दाला ओढूनताणून प्रतिशब्द देण्याची हौस आम्हाला नाही.

आता मूळ मुद्दा. रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिनाची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. पुढची चाके दिशा देतात. कामाची ही वाटणी चालवणाऱ्याला सुखावणारी असते. स्टिअरिंग स्वच्छ वाटते, वळणावर गाडी मागून ढकलली जाते. स्पोर्ट्स कारच्या रसिकांना हीच जातिवंत रचना वाटत आली आहे. ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये शक्ती चारही चाकांत विभागली जाते. १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडीची क्वाट्रो आली, पुढे तिने रॅलीच्या शर्यती गाजवल्या आणि चार चाकांची ही विद्या जीपगाड्यांच्या जगातून वेगवान मोटारींच्या जगात शिरली. बर्फावर तिचा लाभ उघड आहे. निसरड्या जमिनीवर जास्त जोर दिला, की मागची दोनच चाके जागच्या जागी गरगरतात आणि वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर सरकतो. तोच जोर चार चाकांत वाटला, तर प्रत्येकावरचा भार कमी होतो आणि गाडी निमूट पुढे निघते.

पण इथेच एक मेख आहे आणि आमच्या विद्यार्थ्याने ती नेमकी ओळखली होती. चार चाकांची शक्ती निघायला उपयोगी पडते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच मोटारींच्या चारही चाकांना असतात. ताशी ६० किलोमीटर वेगातून गाडी थांबवायला कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून साधारण १९ मीटर पुरतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच गाडीला ५५ मीटर किंवा अधिक लागतात. या अंतरात कोणत्या चाकांना इंजिन जोडले आहे, याने फरक पडत नाही. फरक पडतो तो टायरने. सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते आणि त्याच्या बारीक खाचा बर्फाला धरतात. क्वेबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. आज ही मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे म्हणून त्यातून कोणाची सुटका होत नाही. तेव्हा मॉन्ट्रियलचे उत्तर असे ठरते: आधी टायर, मग चढाचे आणि न उपसलेल्या बर्फाचे रस्ते रोजचे असतील तर चार चाकांची शक्ती, आणि ज्याला चालवण्याचा आनंद हवा आहे, ज्याचा हात संयमी आहे, त्याला चांगल्या हिवाळी टायरवर मागची दोन चाकेही पुरतात. हे उत्तर त्या जमिनीतून आलेले आहे, म्हणून ते आम्हाला पटले.

आमच्या वर्गातल्या मुलांनी मात्र हा वाद व्हिडिओंतून उचलला होता आणि त्यांचा निकाल लागला होता: हिवाळा म्हणजे ऑल-व्हील, दुसरी सुरक्षित नाहीच. वर्धा जिल्ह्याचा हिवाळा त्यांना ठाऊक नाही असे कसे म्हणावे? तो तर त्यांच्या अंगणातला. इथला हिवाळा म्हणजे वर्षातला सर्वांत कोरडा, मोकळा रस्ता. रात्री गारठा पडतो, पण टायरचे रबर कडक व्हावे इतका क्वचितच. चाके घसरण्याचे भय या ऋतूत फारसे नाही. भय आहे ते न दिसण्याचे. पहाटे नदीनाल्यांवर धुके उतरते. कापसाचा हंगाम असतो. हिंगणघाट, आर्वी, देवळीच्या वाटांवर कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या आणि बंड्या चालतात आणि कित्येकींच्या मागे दिवा नसतो. रब्बीच्या पिकांवर येणारे रोही आणि रानडुकरे एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर जाताना रस्ता ओलांडतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. तो आमच्या जिल्ह्यातून जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटर वेगाची मुभा आहे. या वेगात कोरड्या रस्त्यावरही थांबायला ७५ मीटर लागतात. भानावर येऊन ब्रेक दाबेपर्यंतचा एक सेकंद धरला तर त्यात आणखी ३३ मीटरची भर. खाली वळवलेल्या दिव्यांचा उजेड मात्र त्याच्या जेमतेम निम्म्या अंतरापर्यंत पोहोचतो. म्हणजे गाडीवान आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. या हिशेबात ऑल-व्हील ड्राइव्हला कोठेही जागा नाही.

२४ जानेवारी २०२२ ची रात्र वर्धेकर विसरलेले नाहीत. सेलसुऱ्याजवळ पुलावरून मोटार खाली कोसळली आणि वैद्यकीय शिक्षण घेणारे सात विद्यार्थी गेले. त्या अपघाताची कारणमीमांसा करण्याचा आम्हाला अधिकार नाही आणि तसा हेतूही नाही. ती मुले आमच्या वर्गातली नव्हती. वयाने आमच्या वर्गातल्यांसारखीच होती. दुसऱ्या दिवशी गोष्ट कळल्यावर काय शिकवावे हे आम्हाला सुचले नव्हते, एवढे आठवते. तेव्हापासून 'सुरक्षित' हा शब्द कोणी यंत्राच्या एखाद्या गुणाला सहज चिकटवला, की आम्ही अस्वस्थ होतो. अमुक यंत्र असले की हिवाळ्याची रात्र निर्धोक, असा विश्वास हाच या वादातला आम्हाला सर्वांत धोक्याचा भाग वाटतो. चार चाकांची गाडी निसरड्यावरही सहज वेग घेते आणि रस्ता निसरडा आहे हे चालवणाऱ्याला उशिरा कळते, असे बर्फाच्या देशातले अनुभवी लोकही सांगतात. इथे तर निसरडेपणही नाही. उरतो तो नुसता फाजील विश्वास.

आमच्याकडे बर्फाची जागा कोणी घेत असेल तर ती पावसाळ्यातील काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला लपेटते. टायरच्या खाचा भरल्या, की चाक गुळगुळीत होते. मग दोन फिरोत वा चार. वर्धा परिसरात एक जुनी आठवण सांगितली जाते. १९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. त्या काळात पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी जमनालाल बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपले जात आणि लोक गमतीने तिला 'ऑक्सफर्ड' म्हणत. इंग्रजी बैल आणि अमेरिकन फोर्ड यांचा हा समास आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. मोटार परकी होती, ती कोणी नाकारली नाही. पण तिला काय जुंपायचे हे इथल्या वाटेने ठरवले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे नवे वाटू नये. कादंबरी हा प्रकार आपण पश्चिमेकडूनच घेतला. परंतु बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले तेव्हा त्या परक्या चौकटीत इथल्या हिंदू विधवांची स्थिती आणली. चौकट आयात झाली, प्रश्न इथला राहिला, म्हणून ते पुस्तक आजही अभ्यासले जाते. याउलट आयात प्रश्नाला आयात उत्तरच लावून लिहिलेली समीक्षाही आपण पाहतो. तिथली एखादी संज्ञा इथल्या कवितेवर ठेवायची आणि बसली नाही तर दोष कवितेला द्यायचा. आमच्या मुलांचा निकाल याच जातीचा होता.

यावर त्यांच्यापैकी एकाने आम्हाला विचारले, "सर, मग आम्ही अशा गाडीचे स्वप्नही पाहू नये का?" प्रश्न रास्त आहे आणि पगारावर स्कूटर चालवणाऱ्या माणसांनी त्याला उपदेशाने उत्तर देणे बरे नव्हे. इच्छेला मनाई करणारा माणूस साहित्य शिकवू शकत नाही. स्वप्न जरूर पाहावे. उद्या ऐपत आलीच, तर आमचे मत असे: वर्ध्याच्या कोरड्या हिवाळ्यासाठी मागच्या दोन चाकांची गाडी घ्यावी. चार चाकांच्या यंत्रणेचे जादा वजन आणि जादा पैसे ज्या बर्फासाठी मोजायचे, तो बर्फ इथे पडत नाही. वाचलेल्या पैशांतून उत्तम टायर घ्यावेत, ते झिजण्याआधी बदलावेत, दिव्यांच्या काचा स्वच्छ ठेवाव्यात. आणि अंधार पडल्यावर आपल्या उजेडात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा. या शेवटच्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा तिचे व्हिडिओ कोणी काढत नाही.

मॉन्ट्रियलचा लेख आम्ही तपासून परत पाठवला. ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका होत्या. सोबत एक विनंती केली, की शीर्षकात 'हिवाळ्यात' या शब्दाआधी 'इकडच्या' हा शब्द घालावा. त्याने तो घातला आहे.