भिंतीवर टांगलेली सायकल



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका घराच्या दिवाणखान्याचा फोटो आला होता. भिंतीवर जुनी काळी सायकल, खाली पिवळा दिवा. "वा, काय अँटिक आहे!" अशा चाळीसेक प्रतिक्रिया. मीही अंगठा दिला, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून मनात काही घोळतंय ते लिहितो. थोडं लांबेल.

माझ्याकडे चार सायकली आहेत. सगळ्यात जुनी रॅले, आसनसोलच्या सेन-रॅलेच्या कारखान्यातली, वडिलांची. मग एक अ‍ॅटलस, एक हर्क्युलस आणि नातवाने पुण्याला जाताना सोडून दिलेली गिअरची. लोक याला संग्रह म्हणतात. माझं म्हणणं असं की जी सायकल महिन्यातून दोन वेळा तरी रस्त्यावर जात नाही ती संग्रहात नाही, ती अडगळीत आहे, मग भले तिला पॉलिश करा.

हे भावनेनं बोलत नाही. उभी सायकल चालत्या सायकलपेक्षा लवकर मरते. हवा हळूहळू उतरते, टायर एकाच जागी दबून राहतो आणि तिथेच भेगा पडतात. वॉलट्यूबचं रबर चिकटतं. बेअरिंगमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, फ्रीव्हीलचे कुत्रे अडकतात आणि पॅडल मारलं तर चेन नुसतीच फिरते. पावसाळ्यात दमट हवेने रिंगेवर गंज चढतो. माझा नियम साधा आहे. रविवारी दोन सायकली बाहेर, पुढच्या रविवारी उरलेल्या दोन. हवा, चेनला दोन थेंब तेल, ब्रेकचं रबर पाहणं. वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर ओव्हरऑयलिंग (आपण सगळे असंच म्हणायचो, बरोबर शब्द कुणाला हवाय), छर्रे धुऊन नवं ग्रीस, कॉटर ढिली असेल तर नवी, चाकाची आऊट काढून घेणं. सगळं वहीत तारखेनिशी. बँकेची सवय, दुसरं काय.

आता खरी गोष्ट. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. सेन-रॅले तर पुढे सरकारने ताब्यात घेतली आणि तीही संपली. मग माझ्या सायकलींचे पार्ट येतात कुठून? २८ इंची दीड इंच टायर आजही बाजारात मिळतो, रॉड ब्रेकचे गुटके मिळतात, कॉटर मिळते. का? कारण दूधवाला, पेपर टाकणारा, गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक भागात ड्यूटीला जाणारा कामगार अजून तीच काळी सायकल चालवतो. त्यांच्यासाठी माल बनतो म्हणून माझी रॅले जिवंत आहे. आपण हौशी लोक त्यांच्या जिवावर संग्रह करतो आणि सिग्नलला मात्र त्यांच्याच पाठीमागे हॉर्न वाजवतो. ज्या दिवशी शेवटचा दूधवाला मोटरसायकलवर बसेल त्यानंतर काही वर्षांत माझ्याही सायकली भिंतीवर जातील.

पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे. जरूर बघा, दुसऱ्या महायुद्धातली पॅराट्रूपरांची घडीची बीएसए सायकलसुद्धा तिथे आहे. अशा दुर्मिळ वस्तूला काचेआड ठेवणं योग्यच. पण आपल्या घरातली हर्क्युलस दुर्मिळ नाही हो! ती फक्त आपण वापरायची सोडली आहे. आणि ते पुणे, जे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, त्याची आज संग्रहालयात आठवण काढावी लागते.

आपल्या भोपाळचं काही वेगळं नाही. साठ-सत्तरच्या दशकात हेवी इलेक्ट्रिकल्सचा भोंगा झाला की पिपलानी-बरखेड्याच्या रस्त्यावर सायकलींचा पूर यायचा. त्यात मराठी घरं कितीतरी होती. मी पिपलानीहून न्यू मार्केटच्या शाखेत वर्षानुवर्षं सायकलनेच गेलो. पुढे आपल्याला स्कूटर आली, मग मारुती आली, आणि सायकल कामवाल्या बाईच्या मुलाला देऊन टाकली. चांगलंच केलं, त्याला उपयोग झाला. पण मनात एक बसलं की सायकल म्हणजे ज्याला परवडत नाही त्याचं वाहन. सरकार खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला सायकली देतं, त्याचं कौतुक आपण करतो, आणि आपली नात मात्र अर्धा किलोमीटरवरच्या ट्यूशनला कारने जाते.

रस्त्याचं म्हणाल तर तक्रार रास्त आहे. होशंगाबाद रोडला सायकल ट्रॅक झाला, २०१७ मध्ये भाड्याच्या ५०० सायकली आल्या. मी उत्साहाने कार्ड काढलं होतं. पण ट्रॅकवर मी जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा कुठे कार उभी, कुठे ठेला. ट्रॅक बांधणं एक, तो मोकळा ठेवणं दुसरं. ही उभी राहिलेली कार कुणाची असते, हेही विचारा. बऱ्याचदा आपलीच.

"या वयात पडलात तर?" हा प्रश्न मला रोज घरात ऐकावा लागतो. पडू शकतो, म्हणून मी श्यामला हिल्सचा चढ आता उतरून, हातात सायकल धरून चढतो, मे महिन्यात सकाळी आठनंतर निघत नाही, आणि मुख्य रस्ता टाळून कॉलनीतल्या आतल्या रस्त्यांनी जातो. भाजी, बँक, महाराष्ट्र मंडळ, तीन-चार किलोमीटरच्या आत सगळं होतं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर माझ्या सायकलींची किंमत घसारा धरून केव्हाच शून्य झाली आहे, तरी काम चालू आहे. अशी मालमत्ता मी नोकरीत दुसरी पाहिली नाही.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत मी एक ठराव मांडणार आहे. गेटजवळ, पायऱ्या न चढता ठेवता येतील अशा दहा सायकलींची छपरी, एक पंप आणि पाने-पंक्चरची पेटी. त्यासाठी एका कारची जागा जाईल, विरोध होणारच. ज्यांच्याकडे जुनी सायकल माळ्यावर आहे त्यांनी फ्रेमचा आणि चेनचा फोटो मला पाठवा, भिंतीवरचा नको. काय दुरुस्ती लागेल आणि साधारण किती खर्च येईल ते मी सांगतो.