गोड साखरेचा कडू हिशेब

दरवर्षी दसरा उलटला की मराठवाड्यातील कित्येक गावे अर्धीमुर्धी रिकामी होऊ लागतात. समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून अवघा महाराष्ट्र ज्या गावास ओळखतो ते जांब समर्थ ज्या घनसावंगी तालुक्यात आहे, तो तालुकाही यास अपवाद नाही. एकीकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर तेथे उसाचे मळे उभे राहतात, तर दुसरीकडे त्याच तालुक्यातील कोरडवाहू शिवारांतून माणसे दुसऱ्याचा ऊस तोडावयास परमुलखी निघतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्याचे राज्य शासनाने २०२१ साली ठरविले, तेव्हा पहिल्या टप्प्यासाठी निवडलेल्या तालुक्यांत घनसावंगीचा समावेश होता. हा काही तालुक्याचा गौरव नव्हे. त्याच्या दैन्याची ती सरकारी नोंद होय.

या व्यवहाराची परिभाषाच बोलकी आहे. नवरा-बायकोच्या जोडीस तेथे ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे माणूस हिशेबात नाही, हत्यार आहे! हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत पहाटेच्या अंधारापासून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, गाड्या भरावयाच्या. एखादा दिवस काम चुकले तर त्यास ‘खाडा’ म्हणतात, आणि त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंडही बसतो. राहावयास पाचटाची वा ताडपत्रीची कोपी. न्हाणी नाही, शौचकूप नाही, पिण्याच्या पाण्याची शाश्वती नाही. बाळंतीण असो, आजारी असो वा मासिक धर्मातील स्त्री असो, खाड्याच्या हिशेबात साऱ्या सारख्याच.

या हिशेबाची अखेर कोठे होते, हे २०१९ साली जगापुढे आले. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे वृत्त त्या वर्षी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. गावोगावच्या स्त्रिया आणि त्यांच्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्या ही गोष्ट पुष्कळ आधीपासून सांगत होत्या. ती छापून आली तेव्हा कोठे ती ‘खरी’ ठरली. राष्ट्रीय महिला आयोगाने दखल घेतली, विधिमंडळात प्रश्न उठले, आणि विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांत एक! त्यांतील कित्येकींनी चाळिशीही ओलांडलेली नव्हती. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मुकादमाची सक्ती होती असे सरसकट म्हणता येणार नाही. परंतु अस्वच्छतेने जडणारी दुखणी, खासगी रुग्णालयांत घातली जाणारी कर्करोगाची भीती आणि खाड्याचा धाक अशा तिहेरी कात्रीत सापडलेल्या स्त्रीने ‘पिशवी काढून टाका’ म्हटले, तर तिने ते स्वेच्छेने म्हटले असे कोण म्हणू शकेल?

वृत्ताचा परिणाम झाला नाही, असे नाही. अशा शस्त्रक्रियांवर बीडमध्ये शासकीय नियंत्रण आले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ कागदावरून प्रत्यक्षात आणण्याच्या हालचालींस वेग आला. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी असे ठरले. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना निघाली. २०२३ साली वृत्तपत्रातील लेखाची स्वतःहून दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने हा प्रश्न हाती घेतला. ही सारी पावले स्वागतार्ह आहेत. पण पावले आणि मुक्काम यांत अंतर असते, याचे विस्मरण होऊ नये.

या संदर्भात एका जुन्या परदेशी उदाहरणाचे स्मरण होते. शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांची दैना अप्टन सिंक्लेअर या लेखकाने ‘द जंगल’ या कादंबरीत मांडली. १९०६ च्या फेब्रुवारीत पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ३० जून रोजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मांसतपासणीचा व शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे स्वाक्षरीनिशी अमलात आणले. अवघ्या चार-पाच महिन्यांत! कारण ते दूषित मांस वाचकांच्याच ताटात येत होते. परंतु ज्या मजुरांसाठी लेखकाने लेखणी उचलली, त्यांच्या किमान वेतनाचा व कामाच्या तासांचा देशव्यापी कायदा व्हावयास १९३८ साल उजाडावे लागले. पोटाची दाद चार महिन्यांत लागली. घामाची दाद लागावयास बत्तीस वर्षे गेली.

आमच्या मते ऊसतोडीच्या प्रश्नाचे मर्म नेमके येथेच आहे. साखर शुद्ध असते. ती खाऊन शहरातील कोणी आजारी पडत नाही. अन्नसुरक्षेचा निरीक्षक तिचा कण पारखील, तिचा रंग पाहील. ती कोणत्या हातांनी तोडलेल्या उसाची आहे हे विचारणे त्याच्या कामात बसत नाही. मग ते विचारावयाचे कोणी? जांब समर्थ येथील राममंदिरातील प्राचीन मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीस गेल्या तेव्हा विधिमंडळ हलले, पोलीस यंत्रणा राबली आणि ऑक्टोबरमध्ये चोरीचा छडा लागला. ते योग्यच झाले. मात्र त्याच परिसरातील एखादी कोयत्यावरची स्त्री कायमचे आरोग्य गमावून परत येते, तेव्हा तिच्या चोरीची फिर्याद कोणत्या ठाण्यात नोंदवावयाची, हेही आम्ही आजवर ठरविलेले नाही.

दयेने सुधारणा सुरू होतात, पण टिकतात त्या हक्काने. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधु’च्या स्तंभांतून मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा भरविली, हजारो सह्यांचे निवेदन सादर केले आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांकडून रविवारची सुटी मिळविली. पुढल्याच वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुटीस स्थान मिळाले. आज आपण जो रविवार उपभोगतो, त्याचे ऋण या माणसाकडे आहे. तोडणीच्या दरात २०२४ च्या जानेवारीत जी ३४ टक्के वाढ मान्य झाली, तीही संघटनांनी रेटा लावला म्हणूनच.

कारखाना म्हणतो, हे मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी केवळ मध्यस्थ. या टोलवाटोलवीवर उपाय महाराष्ट्रापाशी नाही काय? १९६९ साली याच राज्याने माथाडी कामगारांचा कायदा केला. ज्यांस एक मालक नव्हता अशा हमालांची मंडळाकडे नोंदणी झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचार हक्काचे झाले. हमालाला जे साधले ते कोयत्याला का साधू नये? प्रत्येक मजुराची, आणि स्त्रीची तिच्या स्वतःच्या नावाने, नोंद. मजुरी तिच्याच खात्यात. खाड्याचा दंड बेकायदा. तळावर पाणी, शौचकूप व दवाखाना नसेल तर कारखान्यास गाळपाचा परवाना नाही. एवढी चार कलमे कायद्यात आली तरी पुष्कळ होईल. महामंडळाची मदत ही कृपा आहे. कायदा हा हक्क आहे.

साखरेची आधारभूत किंमत, निर्यात, इथेनॉल यांवर आपली सभागृहे दिवसचे दिवस खर्ची घालतात. त्यांतील एक दिवस ऊस तोडणाऱ्या हातांसाठी काढावा, ही मागणी अवास्तव खासच नव्हे. आणि ती करण्याचे कर्तव्य एकट्या ऊसतोड मजुराचे नाही. ज्याच्या घरी साखरेचा डबा आहे त्या प्रत्येकाचे आहे.