अपेक्षित उत्तर

२० एप्रिल २००५ रोजी आपल्या हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात गेला. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्याने निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरून आणली. हैदराबाद व पुण्याच्या प्रयोगशाळांत तिच्यातून जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. जिवाणूंच्या तीन जाती अगदी नव्या निघाल्या. अतिनील किरणांनाही सहजी दाद न देणाऱ्या! एकीला फ्रेड हॉइल यांचे, दुसरीला इस्रोचे, तिसरीला आर्यभटाचे नाव मिळाले.

जीवसृष्टीचे बीज अंतराळातून आले, असे हॉइल मानत. त्यांचे शिष्य जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख होते. गुरूचे मत खरे ठरल्याची दवंडी पिटण्याचा मोह केवढा! परंतु २००९ साली निष्कर्ष जाहीर झाला, तो असा : हे जीव परलोकीचे आहेत, असे निर्विवाद सिद्ध होत नाही. पुढे आर्यभटाच्या नावाची जात जमिनीवरच्या मातीतही सापडली.

मग मिळवले काय, असे कोणी विचारील. मित्रहो, आपण प्रयोगवहीत आधी उत्तर लिहितो आणि मग आकडे जुळवतो. पूर्ण गुणही घेतो! त्या फुग्याने आणलेला ‘सिद्ध नाही’ हा शब्द आपल्या वहीत कधी उतरणार?