लाल दोऱ्याच्या आत आणि बाहेर

घर पाहावे बांधून, असे म्हणतात ते उगीच नव्हे. पैसा, विटा, गवंडी ही त्यातली अर्धी यातायात. उरलेली अर्धी परवानगीची. ती किती वळणे घेते, हे चंदीगडभोवतीच्या खेड्यांत दिसते.

फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही. मग ल कार्बुझिए यांच्या आखणीनुसार चंदीगड वसले. रुंद रस्ते, आखीव सेक्टर आणि सभोवती हिरवे रान. हे रान मोकळे राहावे म्हणून १९५२ साली परीघ नियंत्रणाचा कायदा झाला. शहराभोवतीच्या पाच मैलांच्या पट्ट्यात उपायुक्तांच्या, म्हणजे आपल्या जिल्हाधिकाऱ्यांच्या, परवानगीवाचून बांधकाम करता येईना. १९६२ मध्ये हा पट्टा दहा मैलांचा झाला.

हेतू चांगला होता. पण त्या रानात आधीपासून गावे होती. त्यांना सवलत मिळाली ती 'लाल दोऱ्या'च्या आत. महसुली नकाशावर वस्तीभोवती ओढलेली ही लाल रेघ म्हणजे आपल्याकडची गावठाणाची हद्द. रेघेच्या आत राहते घर बांधायला फारशी आडकाठी नव्हती. रेघेबाहेर मात्र स्वतःच्या शेतात दोन खोल्या काढायच्या तरी सरकारदारी जावे लागे.

एका घरात तीन मुलगे असले, त्यांची लग्ने झाली, नातवंडे आली, की कुटुंब वाढते. रेघ मात्र वाढत नाही. मग माणूस मजल्यावर मजला चढवतो. शहराच्या पोटात आलेल्या बुडैल आणि अटावा या गावांत अरुंद गल्ल्यांवर घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. किंवा मग माणूस रेघ ओलांडतो. भिंत उभी राहते, नोटीस येते आणि एखाद्या सकाळी बुलडोझर दारात येतो. आयुष्याची पुंजी तासाभरात माती होते.

गावकऱ्यांचा सल वेगळाच आहे. १९६६ साली राज्याची विभागणी झाली आणि हा पट्टा पंजाब, हरियाणा व केंद्रशासित चंदीगड यांच्यात वाटला गेला. त्याच पट्ट्यात पंजाबचे मोहाली आणि हरियाणाचे पंचकुला ही शहरे उभी राहिली. सरकारने शहर वसवले तर विकास आणि शेतकऱ्याने मुलासाठी खोली बांधली तर गुन्हा, हे त्याला कसे पटावे?

कुणी रॉक गार्डनचे उदाहरण देतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या नेकचंद यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी जंगलात चोरून ती शिल्पसृष्टी उभारली. ती उघडकीस आल्यावर पाडण्याऐवजी १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. पण असे भाग्य एखाद्यालाच लाभते. त्याच्या भरवशावर कुणी संसार मांडू नये.

बाहेरून येणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या कुटुंबाला शहरातली जागा परवडत नाही आणि वेशीबाहेरचा स्वस्त प्लॉट खुणावतो. 'रजिस्ट्री नको, कुलमुखत्यारपत्र करून देतो,' असे दलाल म्हणतो. अशा कागदाने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये हरियाणातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केले आहे. एका कागदावर विसंबणेही धोक्याचे. सुखना तलावाजवळच्या कांसल गावात उंच इमारतींच्या मोठ्या प्रकल्पाला नगर पंचायतीची मंजुरी होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला.

काही गोष्टी बदलल्या आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये चंदीगडची उरलेली १३ गावे महापालिकेत आली आणि तिथल्या पंचायती संपल्या. लाल दोऱ्यातल्या घरांना मालकीचा कागद मिळावा म्हणून २०२० मध्ये केंद्राने स्वामित्व योजना सुरू केली. घराची नोंद झाली तर बँकेच्या कर्जाचे दारही उघडते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दूरचे वाटायला नको. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या शहरांच्या कडेला गुंठा-गुंठा जमीन घेऊन हजारो कुटुंबांनी घरे बांधली. ती नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला. तरीही प्रत्येक घराला त्याचा आधार मिळतोच असे नाही.

म्हणून इसाराची रक्कम हातावर ठेवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: जमीन कुणाच्या नावावर आहे, विकास आराखड्यात ती कशासाठी राखली आहे आणि तिथे घर बांधण्याची परवानगी नेमके कोणते कार्यालय देते. उत्तरे दलालाकडून नव्हे, त्या कार्यालयातून आणि लेखी घ्यावीत. चार हेलपाटे पडतील. पण ते घर पडण्यापेक्षा खचितच बरे.