द्वारपाल आणि आपण

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला मराठी नाटक वर्षातून दोनचार वेळाच येते. गणेशोत्सवात मंडळाचे हौशी कलावंत काही बसवितात, 1 मे च्या सुमारास एखादा प्रयोग होतो, आणि कधी पुण्या-मुंबईकडील नाटकमंडळी दौऱ्यावर आली तर आपली पर्वणीच. अशा प्रयोगानंतर आपण नटांविषयी बोलतो, नाटककाराविषयी वाद घालतो, ध्वनिक्षेपक नीट नव्हता म्हणून मंडळाच्या चिटणिसांना धारेवरही धरतो. परंतु ज्या एका माणसाशी प्रत्येक प्रेक्षकाची गाठ पडतेच पडते, त्याच्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. तो माणूस म्हणजे दारावरचा द्वारपाल. आपल्या नेहमीच्या बोलण्यातला डोअरकीपर.

या माणसाशी आपण जसे वागतो, आणि तो आपल्याशी जसा वागतो, ती केवळ शिष्टाचाराची बाब आहे असे आम्हांस वाटत नाही. कचेरीतील उतरंड आपण सायंकाळी सहानंतरही उतरवून ठेवू शकतो की नाही, याची ती परीक्षा आहे. आणि या परीक्षेत आपला वर्ग वारंवार नापास होत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम या कामाची थोरवी पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रातील पहिल्याच अध्यायात नाट्यगृहाच्या उत्पत्तीची कथा आहे. देवांनी असुरांवर मिळविलेल्या विजयाचा प्रयोग चालू असता विघ्नांनी नटांची वाणी आणि स्मृती गोठवून टाकली. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून घेतले आणि त्याच्या एकेका भागाच्या रक्षणासाठी एकेक देवता नेमली. उंबऱ्यावर यमाचा दंड ठेवला, आणि द्वारपाल म्हणून कोणास उभे केले? नियती आणि मृत्यू यांना. रंगपीठाच्या बाजूला स्वतः महेंद्र उभा राहिला. म्हणजे ज्यांच्यापुढे राजा आणि रंक यांचा भेद चालत नाही, अशा दोघांच्या हाती भरतमुनींनी दार सोपविले. आणि तेवढ्यावरच न थांबता, या विघ्नांची आधी सामोपचाराने समजूत घालावी असे देवांनी सुचविले व ब्रह्मदेवाने ती घातलीही. दारावर कडक पहारा आणि जिभेवर मृदू शब्द, ही दोन्ही एकाच वेळी असू शकतात, हे त्या कथेचे सार आहे. आपल्याकडे आज बहुधा दोन्ही नसतात.

कोणी म्हणेल, ही पुराणातील वांगी झाली. तर मग राजधानीतीलच एक उदाहरण घ्या. 13 जून 1997 रोजी दिल्लीतील ग्रीन पार्क येथील उपहार चित्रपटगृहात आग लागून 59 माणसे दगावली. बाल्कनीत जादा आसने बसविल्यामुळे बाहेर पडण्याची एक वाट बुजली होती, आणि दारावर नेमलेला माणूस आपल्या जागी नव्हता, हे पुढे न्यायालयात पुढे आले. दारावरचा माणूस जागेवर असणे आणि वाटा मोकळ्या असणे यांवर माणसांचे प्राण कसे अवलंबून असतात, हे यापेक्षा अधिक स्पष्ट कोण सांगणार? तरीही आपल्या प्रयोगांना 'आमच्यासाठी दोन खुर्च्या बाजूला टाका हो' असा आग्रह धरणारे सभासद असतातच, आणि नकार देणाऱ्या स्वयंसेवकास 'फार नियम शिकवू नका' असे सुनावणारेही असतात. वाट अडवून मांडलेली खुर्ची हा पाहुणचार नव्हे; तो धोका आहे.

आता प्रत्यक्ष स्थिती पाहू. परप्रांतीच्या प्रयोगात दारावर दोन प्रकारची माणसे असतात. एक, मंडळाचे स्वयंसेवक. आणि दुसरे, भाड्याने घेतलेल्या सभागृहाचे नोकर. दोघांशी आपण दोन तऱ्हांनी वाईट वागतो.

स्वयंसेवक हा बहुतकरून कोणत्या तरी मंत्रालयातील आमच्यासारखा कारकून असतो, किंवा एखाद्या सभासदाचा महाविद्यालयात शिकणारा मुलगा अथवा मुलगी. तिसरी घंटा झालेली आहे, दिवे मालवलेले आहेत, पहिला प्रवेश रंगात आलेला आहे. अशा वेळी एक बडे अधिकारी सहकुटुंब येतात. स्वयंसेवक नम्रपणे सांगतो, 'साहेब, हा प्रवेश संपेपर्यंत कृपा करून इथेच थांबावे.' यावर उत्तर येते ते एका प्रश्नाच्या रूपाने : 'आपण कोणत्या मंत्रालयात?' आणि मागोमाग दुसरा : 'कोणत्या कक्षात?' एका मंडळाच्या प्रयोगाच्या वेळी हा संवाद आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलेला आहे. आवाज चढलेला नव्हता, एकही अपशब्द नव्हता. उलट संबोधन 'आपण' असे होते. परंतु ते ऐकणाऱ्या कारकुनाला वार्षिक अहवाल, बदली आणि ज्येष्ठतेची यादी ही तिन्ही एका क्षणात डोळ्यांपुढे दिसली. दार उघडले. साहेब, बाईसाहेब आणि दोन मुले अंधारातून पाचव्या रांगेच्या मध्यभागी गेली, आणि त्या रांगेतील दहाबारा माणसे उभी राहिली. त्यांच्या मागच्या रांगांना तो प्रवेश दिसलाच नाही.

सौजन्याचा भंग ओरडण्यानेच होतो असे समजणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. शब्द सभ्य असूनही प्रश्न असभ्य असू शकतो. कचेरीतील अधिकार हा कचेरीच्या कामासाठी दिलेला असतो. तो नाट्यगृहाच्या दारात काढून दाखविणे म्हणजे सरकारी मोटार खाजगी कामासाठी वापरण्यासारखेच आहे. 1 मे 2017 पासून केंद्र सरकारने मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे उतरविले, त्याचे आपण सर्वांनी स्वागत केले. मोटारीवरचा दिवा एका आदेशाने उतरला. डोक्यातला मात्र आपला आपणच उतरवावा लागतो.

सभागृहाच्या नोकराशी आपली वागणूक याहून निराळी, आणि काही अंशी अजाणतेपणाची आहे. हा मनुष्य बहुधा हिंदी भाषक असतो. त्याच्याशी बोलताना आपण सहजपणे 'तुम' म्हणतो. मराठीत 'तुम्ही' हे आदरार्थी आहे, म्हणून हिंदीतील 'तुम'ही तसेच असावे, अशी आपली समजूत. परंतु हिंदीत अपरिचित प्रौढ माणसास 'आप' म्हणावयाचे असते. 'तुम' ही त्याला सलगी तरी वाटते किंवा तुच्छता तरी. त्यात 'अरे भैया, बॅटरी इधर दिखाव' अशी आज्ञा जोडली म्हणजे झालेच. केसांत रुपेरी छटा आलेला तो गृहस्थ मग आपल्याला अंधारात चुकीच्या रांगेत सोडून देतो, आणि आपण म्हणतो, 'या उत्तरेकडच्या लोकांना रीतभातच नाही!' वर्षानुवर्षे ज्या प्रांतात राहून आपण पगार घेतला, मुले वाढविली, त्या प्रांतातील एक आदरार्थी सर्वनाम आपल्या जिभेवर रुळू नये, यात रीतभात कोणाची उणी पडली?

आता दुसरी बाजू. द्वारपालांचे सर्व काही बिनचूक असते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. विजेरीचा झोत तिकिटावर किंवा पायांखाली टाकण्याऐवजी सरळ बायकांच्या तोंडावर टाकणारे आहेत. तान्हे मूल रडले म्हणून त्या आईला सर्वांदेखत 'बाहेर व्हा' म्हणणारे आहेत. तीच गोष्ट जवळ जाऊन हलक्या आवाजात सांगता येते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, ओळखीच्या माणसाला वाकून पुढे नेणारे आणि तिकीट काढून आलेल्या नवख्या माणसाला दारातच ताटकळत ठेवणारेही आहेत. दूरच्या वसाहतीतून दोन बसगाड्या बदलून आलेला टपाल खात्यातील शिपाई आपल्या पत्नीसह दारात उभा असतो, आणि त्याच्या आसनावर कोणा पाहुण्यांचा पाहुणा बसलेला असतो, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही.

परंतु या दोषांचे धनी कोण? भागवतात जयविजयांची कथा आहे. वैकुंठाच्या या द्वारपालांनी सनकादिकांस अडविले, आणि शाप ओढवून घेतला. त्या वेळी विष्णू बाहेर आले, आणि सेवकांनी केलेला अपराध हा माझाच होय, असे त्यांनी ऋषींपुढे मान्य केले. आमच्या मंडळांच्या कार्यकारिणीने हा भाग जरूर वाचावा. दारावर तंटा झाला की चिटणीस नाहीसे होतात आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत बसून राहतात. प्रवेश संपेपर्यंत कोणास आत सोडावयाचे नाही हा नियम त्यांनीच केलेला असतो, आणि बडा माणूस आला की तो मोडावयास सांगणारेही तेच असतात. मग दारावरच्या पोराने करावे काय? ज्याच्या पाठीशी कोणी उभे नाही, तो एक तर लाचार होतो किंवा उर्मट. द्वारपालांचे दोन्ही दोष एकाच मुळातून येतात.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, आम्ही पैसे मोजून तिकीट काढले आहे. बरोबर, पण त्या पैशांनी आसन मिळते, शेजारच्या माणसाच्या दोन तासांवरचा हक्क मिळत नाही. त्यानेही तेवढेच पैसे मोजलेले असतात. शिवाय उशिरा येऊन सर्वांत मोठा आवाज करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हाती मानार्थ प्रवेशिका असते, हे आम्ही दारावर उभे राहून पाहिले आहे.

दुसरा आक्षेप सरकारी कामाच्या निकडीचा. संसदेचे अधिवेशन चालू असता प्रश्नोत्तरांची टिपणे करीत अधिकाऱ्यांना रात्री उशिरापर्यंत बसावे लागते, हे आम्हांस पूर्ण ठाऊक आहे; ती टिपणे टंकलिखित करणारे आम्हीच असतो. उशीर होणे हा अपराध नव्हे. उशीर झाल्यावर मागच्या भिंतीशी दहा मिनिटे उभे न राहणे हा अपराध आहे. मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरात, 1978 साली ते सुरू झाले तेव्हापासून वक्तशीरपणाची ख्याती आहे, आणि प्रयोग सुरू झाल्यावर आलेल्यास तेथे प्रवेश मिळत नाही. म्हणून तेथील प्रेक्षक ओसरला, असे कोणी म्हणत नाही. आम्ही तर केवळ एका प्रवेशापुरते थांबावयास सांगत आहो.

तिसरा आक्षेप वरवर गोड आहे : 'परक्या मुलखात आपण मूठभर मराठी माणसे, घरचेच कार्य, येथे कसले नियम?' पण घरच्या कार्यात दारावर उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करणाऱ्या पुतण्याला कोणी त्याचा हुद्दा विचारतो काय? घरचे कार्य म्हणावयाचे असेल तर मान सर्वांना सारखा द्यावा. घरपण सोयीपुरते आणि हुद्दा गरजेपुरता, हा व्यवहार घरचा नव्हे, बाजारचा आहे.

रंगमंचावरील कलावंतांवर याचा काय परिणाम होतो, हे निराळे सांगावयास नको. 2019 साली सुबोध भावे यांनी प्रयोगात वाजणाऱ्या भ्रमणध्वनींविषयी जाहीर उद्वेग व्यक्त केला होता, आणि पुढे स्वतःच प्रेक्षागृहाच्या दाराशी उभे राहून ती जबाबदारी उचलली होती. नटाला द्वारपालाचे काम करावे लागावे, यात नटाचा मोठेपणा दिसतो आणि प्रेक्षकांचा लहानपणा.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रवेशिका विकत घेतलेली असो वा मानार्थ, तिच्यावर आसनक्रमांक असावा आणि त्याच क्रमांकावर बसावे. तिसरी घंटा झाल्यावर दार मिटावे, आणि ते प्रवेश संपल्यावरच उघडावे. मग बाहेर कोणीही असो. त्या वेळी दारावर स्वयंसेवकाच्या शेजारी कार्यकारिणीचा एक जबाबदार सभासद उभा असावा, आणि नकाराचा शब्द त्याने उच्चारावा. स्वयंसेवकांची पाळी मध्यंतरात बदलावी. कारण दारावरचा माणूस नाटक ऐकतो, पाहत नाही, आणि वर्षातून दोनदा येणारे नाटक अर्धे तरी पाहण्याचा त्यालाही हक्क आहे. सभागृहाच्या नोकरांना 'आप' म्हणावे, आणि मध्यंतराचा चहा व वडा त्यांच्या हातीही द्यावा. उलट, द्वारपालांनी विजेरी खाली धरावी, आवाज हलका ठेवावा, आणि शिपायाला जे सांगतील तेच, त्याच शब्दांत, सचिवाला सांगावे.

हे न केल्यास काय होईल तेही सांगतो. मंडळात तरुण माणसे येत नाहीत अशी तक्रार आपण प्रत्येक वार्षिक सभेत ऐकतो. येतात, त्यांना आपण दारावर उभे करतो. तेथे त्यांचा एकदा पाणउतारा झाला की पुढल्या वर्षी ती येत नाहीत, आणि मराठी नाटकापासून कायमची दुरावतात. परमुलखात वाढलेल्या मुलांचा मराठी समाजाशी आधीच बारीक धाग्याचा संबंध. तो आपण एका उर्मट प्रश्नाने तोडून टाकतो. मग ग्रंथालये, व्याख्यानमाला आणि अधिवेशने भरवून भाषा टिकविण्याच्या गोष्टी कशाला?

येत्या प्रयोगाला जाल तेव्हा दारातील त्या मुलाला त्याचे नाव विचारा. कक्ष विचारू नका. आणि त्याने 'थांबा' म्हटले, तर थांबा.