खर्च म्हणजे कर्तृत्व नव्हे

'निधी शंभर टक्के खर्च झाला', हे वाक्य आढावा बैठकीत अभिमानाने उच्चारले जाते. काम झाले काय, याचे उत्तर मात्र त्यात नसते.

चित्रपटव्यवसायात हा भ्रम फार काळ टिकत नाही. महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये रँक संस्थेने हॉलिवूडच्या तोडीचा म्हणून 'लंडन टाउन' (१९४६) हा भव्य संगीतपट काढला. रंग टेक्निकलरचे, दिग्दर्शक वेस्ली रगल्स अमेरिकेतून आणलेला. तरी प्रेक्षकांनी पाठ फिरवली. मुंबईत सोहराब मोदींनी १९५३ साली 'झाँसी की रानी'साठी तसाच डाव मांडला. टेक्निकलर होते, 'गॉन विथ द विंड'चे छायालेखक अर्नेस्ट हॅलर होते. चित्रपट कोसळला, मोदींना जबर फटका बसला. पुढच्याच वर्षी त्यांच्याच कृष्णधवल 'मिर्झा गालिब'ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले. माणूस तोच होता. भपका तेवढा गेला होता.

सरकार म्हणजे धंदा नव्हे, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि म्हणूनच आपली जबाबदारी मोठी आहे. निर्मात्याला तिकीटखिडकी निकाल ऐकवते. आपल्याला तशी खिडकी नाही. रायपूरजवळच्या सिलतरा औद्योगिक क्षेत्रात स्पंज आयर्नच्या भट्ट्या आहेत. तिथेही किती कोळसा जाळला याला नव्हे, बाहेर पडलेल्या लोखंडाच्या प्रतीला भाव मिळतो. मग आपल्या उपयोगिता प्रमाणपत्रात प्रत्यक्ष उपयोगाविषयी एक तरी ओळ असावी, ही अपेक्षा गैर आहे काय?